मोठा कोण, आणि कोणत्या मापाने?

जैन व्यापारी कुटुंबातील संध्याकाळ इतरांपेक्षा थोडी लांब असते. जेवणे सूर्यास्तापूर्वीच झालेली असतात. दिवेलागणीनंतर दुकान वाढवले, रोजमेळ जुळला, किंवा न जुळल्याची रुखरुख घेऊन माणसे ओट्यावर येऊन बसली, तरी झोपेला अजून बराच अवकाश असतो. बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या संग्रामपुरात या मोकळ्या प्रहराचा विनियोग आमच्या घराण्याने गेल्या तीन पिढ्यांत मुख्यतः एकाच कामी केला आहे. ते काम म्हणजे वाद. आणि वादाचा विषयही एकच. क्रिकेटच्या मैदानावर आजवर सर्वांत मोठा कोण होऊन गेला?

परक्या माणसाला याचे नवल वाटेल. मुंबई आम्हांला दूर आणि नागपूरही काही जवळ नाही. आमच्या आजोबांनी उभ्या आयुष्यात एकही कसोटी सामना मैदानावर बसून पाहिला नाही. क्रिकेट आमच्याकडे आले ते आधी शिळ्या वर्तमानपत्रांतून, मग रेडिओच्या खरखरीतून आणि फार पुढे दूरदर्शनच्या पडद्यावरून. परंतु जे डोळ्यांनी पाहिलेले नसते, त्याच्याविषयीच माणूस अधिक हिरिरीने भांडतो, असा माझा अनुभव आहे. आमच्या ओट्यावर कापसाच्या भावावरून कधी आवाज चढला नाही. फलंदाजांवरून मात्र पुष्कळदा चढला.

आजोबांचा पहिला मान सी. के. नायडूंना. त्यात प्रदेशाभिमानाचा अंश होताच, कारण नायडूंचा जन्म १८९५ साली नागपूरचा. १९२६ साली मुंबईच्या जिमखान्यावर त्यांनी इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध १५३ धावा काढल्या आणि त्यांत ११ षटकार मारले. आजोबा तेव्हा पाटी-पेन्सिलीच्या वयाचे होते. ही हकिकत त्यांनी मागाहून वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली. पण सांगताना ते असे सांगत, की षटकार जणू आमच्या ओट्यावरून गेले आहेत. १९३२ साली लॉर्ड्सवर भारत आपला पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा कर्णधार नायडूच होते. यावर काका शांतपणे कोष्टक पुढे करीत. कसोटी सामने ७, धावा ३५०, सरासरी २५. आजोबा म्हणत, "वहीत लिहिले तेवढेच खरे मानणारा मुनीम होतो, शेठ होत नाही."

त्यांची दुसरी आवडती कथा दोन विजयांची. १९४३ सालच्या डिसेंबरात मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी सामन्यांची अंतिम लढत झाली. हिंदू संघाकडून विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या. प्रतिपक्षात, म्हणजे 'इतर' या नावाच्या संघात, सांगलीचे विजय हजारे होते. त्यांचा संघ पहिल्या डावात १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात त्या संघाच्या ३८७ धावा झाल्या आणि त्यांतील ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. तरीही सामना डावाने गेला. संघ धर्मावर पाडण्याची ती रीत पुढे दोन-तीन वर्षांत बंद झाली, हे फार बरे झाले. पण त्या चार-पाच दिवसांचा हिशेब आजोबांच्या तोंडी अखेरपर्यंत होता. व्यापारी म्हणून त्यांचा ओढा मर्चंटांकडे असे. त्यांचे मूळचे आडनाव ठाकरसी. शाळेत नाव विचारताना वडिलांचा व्यवसाय विचारला गेला आणि तोच आडनाव होऊन बसला, ही कथा सांगताना त्यांना विशेष आनंद होई. मर्चंटांची प्रथम श्रेणीतील सरासरी ७१.६४ आहे, आणि दीर्घ काळ खेळलेल्यांत त्यांच्या वर केवळ ब्रॅडमन आहेत, हे ते अभिमानाने सांगत. परंतु कौल देण्याची वेळ आली, की म्हणत, "नफ्याच्या वर्षात पेढी कोणीही चालवतो. ३८७ मधले ३०९ एकट्याने करायला हजारेच पाहिजेत."

काकांचे दैवत सुनील गावसकर. काका, म्हणजे वडिलांचे थोरले बंधू, हे आमच्या घरचे खरे वादपटू. १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये एकवीस वर्षांच्या गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या, तेव्हा काका ऐन तिशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांच्या मांडणीत भावनेला जागा कमी. १२५ कसोटी, १०,१२२ धावा, ३४ शतके, त्यांतील १३ वेस्ट इंडीजविरुद्ध. कसोटीत दहा हजारांचा आकडा गाठणारा जगातील पहिला फलंदाज. एका षटकात किती आखूड चेंडू टाकावेत, याला तेव्हा आजच्यासारखी मर्यादा नव्हती, आणि हा गृहस्थ नेहमीचे हेल्मेट न घालता नव्या चेंडूसमोर सर्वांच्या आधी उभा राहत असे. काका म्हणत, "सलामीचा फलंदाज म्हणजे सकाळी पहिले कुलूप उघडणारा माणूस. रात्री दुकानात काय घडून गेले आहे, ते त्यालाच आधी दिसते."

आमच्या पिढीने अर्थातच सचिन तेंडुलकरांचा पक्ष घेतला. सोळाव्या वर्षी, १९८९ साली, कराचीत पहिली कसोटी. २०१३ साली वानखेडेवर दोनशेवी आणि शेवटची. कसोटीत १५,९२१ धावा, ५१ शतके; एकदिवसीय सामन्यांत १८,४२६ धावा, ४९ शतके; एकूण शंभर. आमचा मुद्दा आकड्यांपेक्षा ओझ्याचा होता. चोवीस वर्षे हा माणूस फलंदाजीला उतरला, की देशातील दुकानांतले व्यवहार थांबत. आमच्याही दुकानात तराजूच्या एका पारड्यात डाळ आणि दुसऱ्यात वजन तसेच ठेवून गिऱ्हाईक व दुकानदार दोघेही रेडिओकडे वळलेले मी पाहिले आहेत. तो बाद झाला, की गिऱ्हाईक पुडी न घेताच निघून जाई.

वाद असा वर्षानुवर्षे चालला आणि त्यात एक गोष्ट फार उशिरा ध्यानात आली. काकांना गावसकरांची सर्वांत मोठी खेळी विचारली, तर ते १९८७ सालच्या बंगळूरच्या ९६ धावांचे नाव घेत. चेंडू हातभर वळत होता, समोर पाकिस्तानचे फिरकी गोलंदाज होते, आणि गावसकरांचा तो कसोटीतील शेवटचा डाव होता. आम्हांला सचिनची विचारली, तर आम्ही १९९९ सालची चेन्नईची १३६ धावांची खेळी सांगत असू. पाठ दुखत असताना, पुन्हा पाकिस्तानविरुद्धच. पहिला सामना भारत १६ धावांनी हरला, दुसरा १२ धावांनी. म्हणजे दोन्ही पक्षांनी आपापल्या नायकाच्या मोठेपणाचा पुरावा म्हणून जे पान पुढे केले, ते तोट्याचे पान होते. शतकांचे डोंगर बाजूला ठेवून माणसे हरलेल्या दिवसाची आठवण जपतात, याचा अर्थ लावायला आम्हांला बरीच वर्षे लागली. आणि त्यासाठी निमित्त झाले ते साता समुद्रापलीकडचे.

माझा भाचा गेली काही वर्षे अमेरिकेत, बॉस्टनजवळ नोकरीला आहे. रविवारी त्याचा दूरध्वनी येतो. एकदा तो म्हणाला, "मामा, आपल्या ओट्यावरचा वाद इथेही आहे. फक्त बॅटच्या जागी क्वार्टरबॅक आहे." अमेरिकी फुटबॉल हा आपल्या फुटबॉलहून निराळा खेळ, त्यात चेंडू मुख्यतः हातात घेऊन पळतात किंवा हाताने फेकतात. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. क्वार्टरबॅक हा त्यांतील असा गडी, की चढाईच्या प्रत्येक खेपेस चेंडू आधी त्याच्या हाती येतो. समोरून सहा-सहा फुटी धिप्पाड माणसे अंगावर धावून येत असतात आणि दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवायचे असते, की चेंडू कोणाकडे फेकावा, कोणाच्या हाती द्यावा, की स्वतःच घेऊन पळावे. भाच्याने ते आमच्या भाषेत सांगितले : "मामा, हा लिलावात बोली लावणारा अडत्या समजा. मागे सगळी पेढी उभी, पण बोट त्याचेच वर होणार."

मग त्याने तिथला वाद उलगडला. टॉम ब्रॅडी हा सुपर बोल, म्हणजे तेथील अंतिम सामना, दहा वेळा खेळला आणि सात वेळा जिंकला. सातवे विजेतेपद त्याने त्रेचाळीसाव्या वर्षी मिळवले. जो मोंटाना चार वेळा खेळला आणि चारही वेळा जिंकला. त्या चार सामन्यांत त्याचा फेकलेला एकही चेंडू प्रतिपक्षाने पळवला नाही. दहापैकी सात मोठे, की चारपैकी चार? हा प्रश्न ऐकून आमचा ओटा क्षणभर स्तब्ध झाला. एकूण नफा पाहायचा की नफ्याचे प्रमाण, हा वाद प्रत्येक पेढीवर चालतोच. त्यातून डॅन मरिनो निघाला. त्याने १९८४ च्या हंगामात ५,०८४ यार्डांच्या फेकी केल्या, आणि तो आकडा पुढे पाव शतकाहून अधिक काळ कोणाला ओलांडता आला नाही. पण त्याच्या नावावर एकही विजेतेपद नाही. तो एकदाच अंतिम सामन्यात पोहोचला आणि समोर नेमका मोंटाना होता. त्याच्याही मागे गेले तर ऑटो ग्रॅहम आहे. १९४६ ते १९५५ या दहा हंगामांत त्याचा क्लीव्हलंडचा संघ दहाही वेळा अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि सात वेळा विजेता ठरला. पण सुपर बोल सुरू झाला १९६७ साली. म्हणून 'सुपर बोल किती जिंकले?' एवढेच विचारले, तर ग्रॅहमच्या नावासमोर शून्य येते.

जॉनी युनायटस नावाच्या खेळाडूने १९५६ ते १९६० या काळात सलग ४७ सामन्यांत किमान एक तरी फेक प्रतिपक्षाच्या सीमेपार पोहोचवली. तो विक्रम मोडायला २०१२ साल उजाडले. मध्यंतरी, १९७८ साली, तेथे नियम बदलले. चेंडू झेलायला धावणाऱ्या गड्याला बचाव करणाऱ्यांनी वाटेत धरण्या-ढकलण्यावर बंधने आली आणि फेकणे सोपे झाले. म्हणजे आजच्या क्वार्टरबॅकचे यार्ड आणि युनायटसचे यार्ड हे नावाने सारखे असले, तरी वजनाने सारखे नाहीत.

हे ऐकले आणि काकांनी मांडी ठोकली. ते तेव्हा ऐंशीच्या घरात होते, ऐकू कमी येई, पण मुद्दा अचूक पकडत. म्हणाले, "हे तर मणाचे आणि क्विंटलचे झाले."

वाचकहो, आपल्यापैकी ज्यांच्या घरी जुन्या वह्या आहेत, त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने दशमान वजने आली. त्यापूर्वी मण होता, शेर होता, खंडी होती. आणि मणसुद्धा गावोगावी वेगळा. आमच्या आजोबांच्या वहीत 'कापूस इतके मण' असे लिहिलेले सापडले, तर तो आकडा उचलून आजच्या क्विंटलांशेजारी मांडता येत नाही. आधी विचारावे लागते, मण कुठला? भाव कोणत्या साली? रुपया तेव्हा किती वजनाचा होता? हे तीन प्रश्न न विचारता जो दोन आकड्यांची तुलना करतो, त्याला आपण व्यापारी म्हणत नाही.

आमच्या तालुक्यात याचे आणखी एक माप आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. तेथील विहिरीचे पाणी खारट. ना पिण्याला, ना पिकाला. वर डोंगराच्या बाजूला गोड्या पाण्यावर संत्र्याच्या बागा उभ्या राहतात आणि खाली शेतकरी आकाशाकडे पाहत कापूस नि तूर घेतो. दोघांचा माल एकाच काट्यावर येतो. काटा वजन सांगतो. पाणी सांगत नाही. आजोबा माल घेताना भाव बाजाराप्रमाणेच देत, त्यात सवलत नसे. पण खारपाणातून चार क्विंटल पिकवून आणणाऱ्याला बसायला गादी देत आणि बागाईतदाराला बाकडे. विचारले तर म्हणत, "भाव मालाचा असतो, मान माणसाचा."

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हा वाद केवळ करमणुकीचा असता, तर मी लेखणी हाती घेतली नसती. माझा मुलगा आणि बॉस्टनचा भाचा हे दोघे एका वर्षाच्या अंतराने जन्मलेले. भाचा अभ्यासात पहिल्यापासून तल्लख. माझा मुलगा मध्यम. तो वाणिज्य शाखेचा पदवीधर झाला आणि आपणहून दुकानावर बसला. लग्नकार्यात, पर्युषणात, कोणाच्या गृहप्रवेशात माणसे जमली, की बोलणे ठरलेल्या वळणावर जाते. "भाचा काय, तिकडे स्थिरावला! आणि आपला?" हे 'आपला' उच्चारताना आवाज किंचित खाली येतो. त्यात दुष्टावा नसतो, मायाच असते. पण ज्याच्याविषयी बोलले जाते, त्याच्या कानावर माया पोहोचत नाही, उतरलेला आवाज पोहोचतो. एका वर्षी समाजाच्या गुणगौरव समारंभात मंचावर बोलावलेल्यांची यादी वाचली जात असताना माझा मुलगा सभागृहाच्या मागे खुर्च्या लावीत होता. त्यानंतर दोन वर्षे तो अशा कार्यक्रमांना आला नाही. दुकान सोडता येत नाही, हे कारण त्याला आयतेच होते.

ओट्यावरच्या वादात मात्र तो बसत असे आणि त्याचा पक्ष सर्वांहून निराळा होता. तो नायडूंचा नव्हता, गावसकरांचा नव्हता, सचिनचाही नव्हता. तो भाऊसाहेब निंबाळकरांचा होता.

निंबाळकर कोल्हापूरचे. १९४८ सालच्या डिसेंबरात पुण्यात रणजी सामन्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध ते नाबाद ४४३ धावांवर खेळत होते. ब्रॅडमन यांचा तेव्हाचा जागतिक विक्रम होता नाबाद ४५२. महाराष्ट्राच्या चार बाद ८२६ धावा झाल्या होत्या. काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार दिला, सामना सोडून दिला आणि संघ निघून गेला. विक्रमाची बरोबरी करायला निंबाळकरांना नऊ धावा हव्या होत्या, मागे टाकायला दहा; समोर गोलंदाजच उरला नाही. त्या माणसाला पुढे एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. माझा मुलगा विचारी, "त्या नऊ धावा कोणाच्या नावे टाकायच्या? त्या काढण्याची ताकद त्यांच्यात होती, हे सगळ्यांना ठाऊक. पण वहीत जागा नाही. ही येणे बाकी कोण देणार?"

त्याच्या यादीतले दुसरे नाव पद्माकर शिवलकर. मुंबईचे डावरे फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, आणि कसोटी शून्य. हरयाणाचे राजिंदर गोयल यांची कथाही तीच. रणजीत ६३७ बळी, आणि कसोटी शून्य. कारण एकच : त्याच काळात त्याच हाताचे, त्याच तोलाचे बिशनसिंग बेदी होते आणि संघात जागा एक होती. २०१७ साली या दोघांना भारतीय मंडळाने जीवनगौरव पुरस्कार दिला. तो पुरस्कार सी. के. नायडूंच्या नावाचा, हे आजोबांना कळते तर बरे वाटले असते.

मुलाच्या या पक्षपाताचा अर्थ घरात सर्वांना कळत होता. बोलत कोणीच नव्हते. काका मात्र एकदा बोलले. गावसकरांचे कट्टर भक्त असल्यामुळे त्यांना एक हकिकत पाठ होती. १९८७ साली चौदा वर्षांच्या सचिनला मुंबईच्या क्रिकेट संघटनेचा सर्वोत्तम कनिष्ठ खेळाडूचा पुरस्कार मिळाला नाही. गावसकरांनी त्याला आपणहून पत्र लिहिले. आशय असा होता, की निराश होऊ नकोस. या पुरस्काराच्या आजवरच्या यादीत असे एक नाव नाही, की ज्याने पुढे कसोटीत काही वाईट केले नाही. ते नाव त्यांचे स्वतःचेच होते. काकांनी हे सांगितले आणि लागलीच भाच्याकडे, म्हणजे दूरध्वनीकडे वळून विचारले, "तुमचा तो सातवाला? त्याला पहिल्या दिवशी कितवा निवडला होता?" भाचा हसून म्हणाला, "दोन हजार सालच्या निवडीत एकशे नव्व्याण्णवावा." ओट्यावर हशा पिकला. माझा मुलगाही हसला.

परंतु मी हेही लिहून ठेवतो, की या हकिकतींनी तो समाधानी झाला नाही, आणि ते योग्यच होते. सचिन व ब्रॅडी यांना यादीने आधी नाकारले आणि नंतर डोक्यावर घेतले. म्हणजे शेवटी माप यादीचेच राहिले. जो कधीच यादीत आला नाही, त्याचे काय? त्याचा प्रश्न शिवलकरांचा होता, सचिनचा नव्हता.

त्याचे उत्तर त्याला माणसाकडून मिळाले नाही, वहीतून मिळाले. काका गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत वहीपूजनाआधी तो माळ्यावरची जुनी दप्तरे उतरवून झाडत होता. त्यांत १९७२ च्या दुष्काळाची खतावणी निघाली. त्या साली महाराष्ट्रभर पाऊस गेला. आमच्या भागात खारपाणाची शेते तर उजाड पडली. आजोबांची दृष्टी तेव्हा अधू झाली होती आणि काका, मॅट्रिकनंतर शाळा सोडून बसलेले काका, एकटे पेढी पाहत होते. धाकट्या भावाचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, अकोल्याचे महाविद्यालयीन शिक्षण याच गल्ल्यावर चालले होते. खतावणीत पानामागून पान ज्वारीच्या उधारीचे. नाव, गाव, पायल्या. जमेची बाजू बहुतेक कोरी. कित्येक खात्यांखाली काकांच्या टपोऱ्या अक्षरात एवढेच : 'पाऊस झाल्यावर.' वर्षअखेरीची तेरीज तोट्याची.

मुलगा ती वही घेऊन माझ्याकडे आला. मला वाटले, तो विचारील की यातले किती वसूल झाले. त्याने ते विचारले नाही. तो म्हणाला, "बाबा, ही बंगळूरची ९६ आहे."

तेव्हा मला आमच्या साऱ्या वादाचा अर्थ एकदम लागला. तोट्याचे पान माणसे का जपतात, हे त्या वहीत लिहिलेले होते. जिंकण्यात खेळपट्टीचा, नियमांचा, सोबत्यांचा, पावसाचा वाटा असतो. हरलेल्या दिवशी हे सारे विरुद्ध गेलेले असते. मग जे उरते, ते निव्वळ त्या माणसाचे असते. काकांचे नाव कोणत्याही गुणगौरवाच्या यादीत आले नाही. पण वडील शिकले ते काकांच्या बळावर. वडील शिकले म्हणून माझी बहीण शिकली. आणि बहीण शिकली म्हणून भाचा आज बॉस्टनला आहे. १९७१ साली निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत अजित वाडेकरांच्या पारड्यात टाकले आणि वाडेकर कर्णधार झाले. त्याच दौऱ्यात गावसकर उदयाला आले. आणि गावसकरांनी पुढे चौदा वर्षांच्या सचिनला पत्र लिहिले. एकाचा मोठेपणा असा दुसऱ्याच्या खात्यात जमा होत जातो. त्या साखळीतील एक कडी उचलून 'हाच सर्वांत मोठा' म्हणणे म्हणजे चालू खात्याच्या मधल्याच एका ओळीला शिल्लक समजणे.

याचा अर्थ तुलना करूच नये, असे मी म्हणणार नाही. ते व्यापाऱ्याला शोभणार नाही. आपला सारा धंदाच तुलनेवर चालतो. 'सगळेच आपापल्या जागी मोठे' असे म्हणून वाद मिटवणाऱ्या माणसाचा आजोबांना तिटकारा होता. ते म्हणत, असा माणूस मालात हात घालून पाहायचा कंटाळा करतो. तुलना करावी, अवश्य करावी. पण माप आधी बोलावे. कोणता मण, कोणते साल, कोणते पाणी? मुलांविषयी बोलतानाही एवढे पथ्य पाळले, तर आपल्या घरांतील पुष्कळ मुले सभागृहाच्या मागे राहणार नाहीत. ज्याचे गुण नव्वद टक्के, त्याचा सत्कार जरूर व्हावा. त्याच मंचावर, ज्याने दुकान उघडे ठेवले म्हणून त्याची फी भरली गेली, त्या भावालाही बोलवावे. गेल्या वर्षी आमच्या गावच्या मंडळापुढे मी ही सूचना मांडली. ती एकमताने मंजूर झाली नाही. दोघांनी स्पष्ट विरोध केला, कारण अशा कामाला टक्के नसतात, मग निवड कशावरून करणार? आक्षेप रास्त आहे. त्यावर विचार चालू आहे. खारपाणाचे माप काढणे सोपे नाही, हे मी जाणतो.

आमच्या ओट्यावर काकांची जागा रिकामी आहे, पण गावसकरांची बाजू अनाथ झालेली नाही. ती आता माझ्या मुलाने घेतली आहे, आणि काकांहून अधिक आकडे देऊन तो ती लढवतो. निंबाळकरांचा पक्ष त्याने सोडला का, असे भाच्याने विचारले, तेव्हा म्हणाला, "सोडला नाही. ती नऊ धावांची बाकी मी पुढच्या वहीत ओढून घेतली आहे."

विदर्भाने पहिल्यांदा २०१७-१८ च्या हंगामात रणजी करंडक जिंकला, मग लागलीच पुढच्या वर्षी, आणि पुन्हा २०२४-२५ मध्ये. ज्या प्रदेशाला क्रिकेटच्या नकाशावर कोणी मोजत नव्हते, त्याच्या नावे आता तीन करंडक जमा आहेत. त्यामुळे ओट्यावर नवी नावे येऊ लागली आहेत. तिकडे भाचा पॅट्रिक माहोम्सची तीन विजेतेपदे पुढे करून ब्रॅडीच्या सिंहासनाला धक्के देत असतो. वाद मिटलेला नाही आणि तो मिटावा अशी कोणाची इच्छाही दिसत नाही. एक बदल मात्र झाला आहे. कोणी "सर्वांत मोठा कोण?" असे विचारले, की आमच्या घरचे लहान मूलसुद्धा आता आधी उलट प्रश्न करते : "कोणत्या मापाने?"